बाबूराव पेंटर आणि जाणता प्रेक्षक

सवंग चित्रपट कोणता आणि चांगला कोणता, असा वाद निघाला की आपल्याकडे दोन उत्तरे ठरलेली असतात. हाणामारीचा, देवादिकांच्या चमत्कारांचा, भुताखेतांचा किंवा तमाशाचा चित्रपट तो सवंग, आणि सामाजिक प्रश्नावरचा तो चांगला, हे पहिले उत्तर. दुसरे उत्तर थोडे दबक्या आवाजात दिले जाते. ज्याला केवळ प्रौढांसाठी असा दाखला मिळाला तो मोठ्या माणसांचा चित्रपट आणि बाकीचे पोराबाळांचे, असे ते उत्तर आहे. वास्तविक हा दाखला १९४९ च्या कायदादुरुस्तीने आपल्याकडे आला. त्यात प्रेक्षकाचे वय मोजले जाते, समज मोजली जात नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या प्रेक्षकालाही बाळबोध समजून काढलेले कितीतरी चित्रपट हा दाखला मिरवीत असतात.

ही दोन्ही उत्तरे घासून पाहावयाची तर त्यासाठी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या चरित्रासारखी दुसरी कसोटी नाही. पौराणिक, ऐतिहासिक, सामाजिक आणि अखेरीस तमाशाप्रधान अशा चारही तऱ्हांचे चित्रपट या एका माणसाने केले, आणि तेही या तऱ्हा आपल्या मुलखात नुकत्याच रुजत असताना. त्यांना यश मिळाले आणि त्यांनी मारही खाल्ला. कोणत्या चित्रपटाला यश आले आणि कोणता पडला, हे पाहिले म्हणजे वरच्या दोन्ही उत्तरांची पंचाईत होते.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. मेस्त्री हे आडनाव कामावरून आलेले. घरात सुतारकाम, धातुकाम, चित्र आणि मूर्ती यांची परंपरा होती. रीतसर कलाशिक्षण असे बाबूरावांना मिळालेच नाही. जे काही मिळाले ते वडिलांच्या हाताखाली आणि आनंदराव या भावाच्या संगतीत. आनंदराव हे त्यांचे चुलतभाऊ. रंगांची दृष्टी आणि यंत्रांचे वेड ही दोन्ही एकाच माणसात क्वचित सापडतात. या घरात ती दोघांतही होती. दोघे भाऊ पेंटर म्हणून इतके ओळखले जाऊ लागले की मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

तो काळ संगीत नाटकांच्या भरभराटीचा. १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत या बंधूंनी नामांकित नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. या पडद्यांविषयी येथे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण पुढची सगळी हकीकत त्यांच्याशी जोडलेली आहे. नाटक कंपनीच्या सामानात राजवाड्याचा एक पडदा असे, बागेचा एक, अरण्याचा एक आणि रस्त्याचा एक. नाटक कोणतेही असो, राजा आला की राजवाडा खाली सुटे आणि नायिका गाऊ लागली की बाग. विराटाचा दरबार आणि दुष्यंताचा दरबार एकाच कापडावर भरे. प्रेक्षकांची त्याविषयी तक्रार नसे, कारण पडदा ही एक खूण होती. ती पाहिली की पुढे काय व्हायचे ते कळे. या खुणेत सोय आहे आणि काटकसरही आहे, म्हणून तिला हसण्याचे कारण नाही. परंतु सवंग चित्रपट म्हणजे नेमके काय, असे मला कोणी विचारले तर मी या ठेवणीतल्या पडद्याकडे बोट दाखवीन. पडदा कापडाचाच असला पाहिजे असे नाही. दुष्ट सावकार, सोशिक सून, अन्यायाने पेटलेला तरणाबांड नायक हेही गुंडाळून ठेवलेले पडदेच आहेत. दोर ओढला की ते खाली येतात.

आपल्या काळातले उत्कृष्ट पडदे ज्याने रंगविले त्यानेच पुढे चित्रपटातून रंगविलेला पडदा हद्दपार केला, ही बाबूरावांच्या आयुष्यातील पहिली मोठी गोष्ट.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला आणि पेंटर बंधूंना चित्रपटाने झपाटले. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुने प्रक्षेपणयंत्र मिळविले, त्यावर खेळ केले, ते यंत्र उघडून पाहिले, पुन्हा जुळविले. चित्र दाखविण्याचे यंत्र हाती आले. चित्र घेण्याचे यंत्र आणायचे कोठून? महायुद्ध चालू होते आणि परदेशी माल दुर्मीळ व महाग झाला होता. आनंदरावांनी कॅमेरा स्वतःच घडवावयाचा असे ठरविले आणि काम चालू असतानाच १९१६ मध्ये ते वारले. ज्याच्या जोडीने सगळे आयुष्य उभारावयाचे तो भाऊ अर्ध्यावर गेला. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांना हाताशी धरले आणि १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला. कोल्हापूरसारख्या गावी, पितळ कापून आणि दाते घासून केलेले हे यंत्र चालले. दामल्यांचे नाव पुढे ‘संत तुकाराम’मुळे जगभर गेले, त्यांची उमेदवारी ही अशी कानस हातात घेऊन झाली.

आता पैसा हवा होता. कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी तो दिला. शाहू महाराजांचा आश्रय मिळाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. गाणारणीच्या पैशावर उभी राहिलेली ही कंपनी पुढच्या दहा वर्षांत मराठी चित्रपटाची शाळाच ठरली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर, बाबूराव पेंढारकर ही सगळी मंडळी याच शाळेतली. तानीबाईंचे नाव मात्र चित्रपटाच्या इतिहासात एखाद्या ओळीपुरते येते, हे मला बरे वाटत नाही.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’. तो १९२० साली पुण्याच्या आर्यन चित्रगृहात लागला. विषय कीचकवधाचा. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० साली बंदी घातली होती. कीचकात लोकांना कर्झन दिसत होता, हे सरकारलाही कळले होते. त्यामुळे हे कथानक कोणत्या अर्थाने पाहावयाचे ते पुण्याच्या प्रेक्षकांना शिकवावे लागले नाही. पण ‘सैरंध्री’ गाजला तो केवळ त्या गर्भित अर्थामुळे नव्हे. भीमाने कीचकाला मारल्याचे दृश्य बाबूरावांनी असे काही साधले होते की थिएटरात किंकाळ्या फुटल्या असे सांगतात. पुढे सरकारी परीक्षणात ते दृश्य कापावे लागले. चित्रपट तपासणारी मंडळे नुकतीच स्थापन होत होती, आणि त्यांच्या कात्रीखाली आलेल्या पहिल्या काही भारतीय चित्रपटांत ‘सैरंध्री’ची गणना होते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमाकेसरी ही पदवी दिली ती याच वेळी. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले.

येथे कोणी म्हणेल की, मस्तक तुटलेले दाखवून किंकाळ्या काढणे हाच तर सवंगपणा. आजच्या रक्तबंबाळ चित्रपटांहून यात वेगळे काय? प्रश्न रास्त आहे. रक्त दाखविले की नाही, यावर उत्तर ठरत नाही असे मला वाटते. कीचकाच्या कथेत एका दासीची भर दरबारात विटंबना होते, राजा पाहतो आणि काही बोलत नाही, पाच पती तेथेच वेषांतराने असतात आणि तेही काही बोलत नाहीत. त्या मौनाचे ओझे प्रेक्षकाने वाहिलेले असले तर नंतरचा वध हा वध असतो. ते ओझे नसेल तर तो फटाका. सवंग चित्रपटाला फटाक्यांची घाई असते. मरणाऱ्याला आणि मारणाऱ्याला पुढच्या प्रसंगात त्याचे काहीच वाटत नाही. ‘सैरंध्री’ आज आपल्याला पाहावयास मिळत नाही, म्हणून त्या ओझ्याविषयी मी छातीठोकपणे बोलणार नाही. पण ज्या लोकांनी देवादिकांचे चमत्कार पाहून टाळ्या पिटल्या होत्या त्यांच्या तोंडून येथे किंकाळी निघाली, एवढे तर खरे. टाळी खेळाला मिळते. किंकाळी निघते ती समोरचे खरे वाटल्याने.

खरे वाटावे म्हणून बाबूरावांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. रंगविलेल्या पडद्याऐवजी त्यांनी घडीव नेपथ्य उभे केले. लांबी, रुंदी आणि खोली असलेल्या जागा त्यांनी केल्या, म्हणजे पात्राला खांबाआडून येता येई आणि भिंतीवर त्याची सावली पडे. प्रत्येक दृश्याची चित्रे ते आधी कागदावर काढीत. वेष, दागिने, शस्त्रे यांत त्यांचे बारकाईने लक्ष असे. पुरुषांनी स्त्रियांची कामे करण्याच्या त्या काळात त्यांनी ‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या. गुलाबबाई आणि अनसूयाबाई या त्या दोघी. कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी त्या पडद्यावर आल्या. आज हे वाचताना काही विशेष वाटत नाही, पण पडद्यावर काम केल्याबद्दल त्या बायकांना समाजाकडून जे सोसावे लागले त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१९२३ मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून ‘सिंहगड’ आला. गड रात्री चढला गेला होता, तेव्हा चित्रपटातही रात्र हवी. दिवसाच्या उन्हावर चित्रण करण्याचा तो जमाना. बाबूरावांनी रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला. आपल्याकडे असे प्रथमच घडले, असे मानले जाते. या काळातली त्यांची आणखी एक करामत म्हणजे जाहिरात. चित्रपटाची हाताने रंगविलेली भव्य भित्तिपत्रके आणि छायाचित्रांसह माहिती देणाऱ्या पुस्तिका यांचा प्रघात त्यांनी पाडला. जाहिरात म्हटली की आपण लगेच नाक मुरडतो. बाबूरावांनी तीही चित्रकाराच्या इमानाने केली. चित्रपटात नाही ते भित्तिपत्रकात दाखवावयाचे ही कला नंतरच्या लोकांची.

कंपनीच्या आवारात या सुमारास दोन पोरे वावरत होती. एक शांताराम वणकुद्रे. १९२१ च्या ‘सुरेखाहरण’मध्ये तो प्रथम पडद्यावर आला. दुसरा विठ्ठल, १९२४ च्या ‘कल्याण खजिना’त त्याला नाचाचे काम होते. लवकरच विठ्ठल मुंबईस गेला आणि शारदा फिल्म कंपनीच्या तलवारबाजीच्या, उड्या-धावांच्या मूकपटांचा मास्टर विठ्ठल झाला. त्याच्या चित्रपटांवर तेव्हाची मुंबई लुब्ध होती, आणि १९३१ चा पहिला बोलपट ‘आलम आरा’ निघाला तेव्हा त्याचा नायक तोच होता. त्याचे अंग पाण्यासारखे वळे, लोकांना आनंद मिळे, आणि दिवसभर गिरणीत राबलेल्या माणसाला दोन आण्यांत तेवढा आनंद मिळाला तर त्यात वाईट काही नाही. मास्टर विठ्ठलला हिणवण्याचा माझा मुळीच हेतू नाही. एकाच आवारातून दोन वाटा फुटल्या, एवढेच नोंदवावयाचे आहे. दुसऱ्या पोराची वाट ज्या चित्रपटापासून फुटली तो १९२५ चा ‘सावकारी पाश’.

नारायण हरी आपटे यांची कथा. सावकार खोट्या कागदाच्या जोरावर एका शेतकऱ्याची जमीन गिळतो. शेतकरी देशोधडीला लागतो आणि शहरात गिरणी कामगार होतो. शेतकऱ्याचे काम तरुण शांतारामने केले. देव नाहीत, राजे नाहीत, तलवारी नाहीत. शेवटी आकाशातून कोणी उतरत नाही. भारतातील पहिला वास्तववादी सामाजिक चित्रपट असे त्याला म्हणतात.

शेवगावच्या वाचकाला या कथेची प्रस्तावना करावी लागू नये. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि आपल्या नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत कुणब्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन खतपत्रे जाळली. माणसे मारण्याकडे त्यांचा रोख नव्हता. हवे होते ते कागद. त्या दंगलींच्या चौकशीनंतर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. म्हणजे ज्या दुःखावर बाबूरावांनी चित्रपट काढला त्याच्यासाठी सरकारला खास कायदा करावा लागला होता, आणि त्या कायद्यात आपल्या जिल्ह्याचे नाव होते. कायद्याने पाश तुटला नाही हे पन्नास वर्षांनी चित्रपटाने सांगितले.

हा चित्रपट पडला. देवदेवतांना आणि शूरवीरांना सरावलेला प्रेक्षक त्याच्याकडे फिरकला नाही. कारण सांगताना सर्वजण प्रेक्षकाच्या अपक्व अभिरुचीवर बोट ठेवतात. मला हे कारण अर्धेच पटते. १९२५ मध्ये चित्रगृहे होती ती शहरांत. ज्याची जमीन गेली तो शेतकरी तिकीट काढावयास तेथे नव्हताच. जो शहरात येऊन गिरणीत लागला होता त्याला स्वतःचीच गेलेली जमीन पुन्हा पाहण्यासाठी दोन आणे द्यावयाचे होते. आणि महागड्या खुर्च्यांवर बसण्याची ऐपत असलेल्यांपैकी काहींच्या घरी तशाच कागदांच्या पेट्या असतील. त्या तिघांनीही तो चित्रपट टाळावा यात नवल ते काय? चांगल्या चित्रपटाला प्रेक्षक नाही असे म्हणताना आपण प्रेक्षकाला लहान मूल समजतो. कित्येकदा तो चांगलाच मोठा माणूस असतो आणि त्याला नेमके काय टाळावयाचे ते ठाऊक असते.

तरीही एका प्रेक्षकावर त्याचा ठसा कायमचा उमटला. मुंबईचे जे. बी. एच. वाडिया यांनी तो तरुणपणी पाहिला. पुढे ‘हंटरवाली’ काढणारे, नादियाला घोड्यावर बसवून, आगगाडीवर धावायला लावून लाखो लोकांना खूष करणारे तेच हे वाडिया. मारधाडीच्या चित्रपटांचा हा राजा ‘सावकारी पाश’मधील एक दृश्य उतारवयापर्यंत विसरला नव्हता: अंधुक उजेडातले एकाकी झोपडे आणि बाहेर ओरडणारे कुत्रे. मूकपटात कुत्र्याचे ओरडणे ऐकू येत नाही, ते दिसते. जो मनुष्य स्वतः आयुष्यभर उत्तम धंदेवाईक चित्रपट काढीत राहिला त्यालाही दुसऱ्या जातीची वस्तू कोणती ते अचूक कळत होते. स्वतःच्या चित्रपटांबद्दल त्याला लाज वाटत होती असेही दिसत नाही. या गोष्टीने वादाचा बराचसा धुरळा खाली बसतो.

त्या दृश्याकडे आणखी थोडे पाहू. झोपडे तर आपण शंभर चित्रपटांत पाहिले. गरिबी आली की झोपडे येते, जसा राजा आला की राजवाड्याचा पडदा येई. मग हेच झोपडे एखाद्याच्या मनात पन्नास वर्षे का राहावे? कारण ते खुणेसाठी उभे केलेले नव्हते. तेथे कोणीतरी राहत होते. उजेड अंधुक होता तो त्या घरात तेवढेच तेल होते म्हणून, आणि घरी काय घडले ते कुत्र्याला आपल्या आधी कळले होते. प्रेक्षकाला हे सांगितलेले नाही. त्याने ते आपल्या आयुष्यातून आणून तेथे ठेवावयाचे आहे. प्रौढ प्रेक्षकाचा चित्रपट म्हणतात तो हाच असावा. त्यात पाहणाऱ्याच्या अनुभवाला काम असते. सवंग चित्रपटात ते नसते. तेथे अनुभव दाराबाहेर चपलांबरोबर काढून ठेवला तरी चालतो, किंबहुना तसे केले तर अधिक मजा येते.

बाबूराव या अपयशानंतर पुन्हा पौराणिक व ऐतिहासिक विषयांकडे वळले. ‘मुरलीवाला’, ‘सती सावित्री’ हे १९२७ चे चित्रपट. त्यांना याबद्दल दोष देणे सोपे आहे. पण कंपनीत पगारपत्रक होते, भांडवल घालणारे होते, आणि बाबूरावांची कामाची गती अतिशय सावकाश. मनासारखे झाल्याखेरीज ते चित्र पुढे सरकू देत नसत. अशा माणसाला पडलेला चित्रपट दुप्पट महाग पडतो. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांची चुळबुळ वाढत गेली. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. बोलपट आला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी थोड्याच दिवसांत बंद पडली.

गुरूचा धंदा बसला, पण गुरूने शिकविलेले प्रभातमध्ये चालू राहिले. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली. तेथे १९३५ साली शांतारामांनी ‘धर्मात्मा’ काढला. विषय पैठणच्या एकनाथांचा, म्हणजे गोदावरी ओलांडली की आपल्या शेजारचाच. नाथांना अस्पृश्यांच्या घरी जेवताना दाखविणारा हा संतपट आधी ‘महात्मा’ या नावाने निघाला होता. गांधीजींची आठवण होते म्हणून सरकारी परीक्षकांनी नाव बदलावयास लावले. १९३६ मध्ये दामले आणि फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. संतपट हीसुद्धा एक ठराविक तऱ्हाच होती. चमत्कार तिच्यात हटकून असत, आणि ‘संत तुकारामा’तही ते आहेत. पण त्या चित्रपटात जिजाई आहे. पोराच्या आजाराने संतापलेली, म्हशीवर जीव असलेली, देवाला तोंडावर शिव्या घालणारी ही बाई कोणत्याही पडद्यावर आधी रंगविलेली नव्हती. तुकोबांना वैकुंठाचे विमान न्यायला येते तेव्हा आपण जिजाईकडे पाहत असतो. तऱ्हा तीच, पण चित्रपट वरच्या जातीचा झाला तो या बाईमुळे.

आणि १९३७ मध्ये ‘कुंकू’. कथा त्याच नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवर बेतलेली, दिग्दर्शक शांताराम. बारा वर्षांपूर्वी आपट्यांच्या कथेतला शेतकरी झाला होता तोच हा तरुण. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानावयास नकार देते. १९२५ मध्ये जे जमले नाही ते आता जमले. ‘कुंकू’ लोकांनी उचलून धरला. प्रेक्षक बारा वर्षांत शहाणा झाला असे म्हणावे की शांतारामांना प्रेक्षकाशी बोलण्याची हातोटी गुरूपेक्षा अधिक होती असे म्हणावे? मला दुसरे कारण अधिक खरे वाटते. शांताराम प्रेक्षकाला हसवीतही असत, गाणेही देत, आणि मग कडू घोट पाजीत. बाबूरावांनी नुसता घोट पुढे केला होता.

स्वतः बाबूरावही गप्प बसले नव्हते. कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘उषा’ केला आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा काढला, यावेळी बोलपट म्हणून. पडलेला विषय अकरा वर्षांनी पुन्हा हाती घेणे हे धंद्याच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हे. ज्याने तडजोड केली असे आपण वर म्हटले त्याच्या मनातून ते झोपडे गेलेले नव्हते, एवढे यावरून समजावे. बोलपटात त्यांचा जम मात्र पूर्वीसारखा बसला नाही. चित्राने बोलण्याची सवय झालेल्या माणसाला संवादांची ती वर्दळ मानवली नसावी.

त्यांचे शेवटचे मोठे यश १९४७ चे. राजकमलच्या ‘लोकशाहीर रामजोशी’चे दिग्दर्शन त्यांच्याकडे होते, शांतारामांचाही त्यात हात होता. पेशवाईतल्या, ब्राह्मण असून फडात उभ्या राहिलेल्या शाहिराचे हे चरित्र. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांची कामे, माडगूळकरांचे शब्द. चित्रपट तुफान चालला आणि त्याच्यामागून तमाशापटांची रांग लागली. या रांगेत ‘सांगत्ये ऐका’सारखे चांगले चित्रपटही निघाले. पण पाटील, फड, सवाल-जबाब, उसाचा मळा हे सामान पुढे पुढे इतके ठराविक झाले की एका चित्रपटातले उचलून दुसऱ्यात ठेवले तरी कोणाला पत्ता लागू नये. रंगविलेला पडदा काढून टाकणाऱ्या माणसाच्या चित्रपटातूनच नवा पडदा विणला गेला. याला बाबूरावांचा इलाज नव्हता. चांगल्या चित्रपटाची नक्कल करावयाची तर त्यातले दिसते तेवढेच उचलता येते. फेटा उचलता येतो, शाहिराने कशापायी घर सोडले ते उचलता येत नाही.

आपल्या जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर बाबूरावांची ती वाट अजून बुजलेली नाही. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात चित्रपटाचे धडे घेतलेल्या नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१३ चा. त्यातले अकोळनेर आपल्याच जिल्ह्यातले. ज्या श्रीगोंद्यात १८७५ साली सावकारांचे कागद जळले त्या तालुक्यातले भाऊराव कऱ्हाडे यांनी मेंढपाळाच्या भटकंतीवर ‘ख्वाडा’ काढला तो स्वतःची शेतजमीन विकून. २०१५ मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याची जमीन जाते ही ‘सावकारी पाश’ची कथा होती, येथे चित्रपट काढण्यासाठीच जमीन गेली. ही दोन्ही चित्रे लोकांनी पाहिली, आणि ती पाहताना कोणी त्यांना सामाजिक प्रश्नाचे औषध म्हणून घेतल्याचे मला तरी आढळले नाही. मोठ्या माणसांना आपले जग ओळखू यावे असे ते होते, एवढेच.

बाबूरावांनी अखेरच्या काळात ‘विश्वामित्र’ (१९५२) आणि ‘महाजन’ (१९५३) हे चित्रपट केले. चित्रकला आणि शिल्पकला तर शेवटपर्यंत चालू होती. कोल्हापुरात आजही त्यांना कलामहर्षी म्हणतात. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या मूकपटांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांचे तुटक भाग काय ते उरले आहेत. त्या काळची फीत पेट घेणारी होती, आणि जी जळली नाही ती दमट हवेत विरून गेली. १९२५ चा ‘सावकारी पाश’ त्या उरलेल्यांत नाही. शेतकऱ्याच्या झोपड्याविषयी आणि त्या कुत्र्याविषयी आपण जे जाणतो ते सगळे ते पाहिलेल्या माणसांच्या आठवणींतून आलेले आहे.